तेविसाव्या प्रश्नाची सल्लागार

वकिलातीच्या व्हिसा खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक घडीचं टेबल असायचं. टेबलावर तीन पेनं, डिंकाची बाटली, फोटो कापायची कात्री आणि एक स्टीलची पट्टी. मागे बसणारीला सगळे फॉर्मताई म्हणत. तिचं नाव विचारायची गरज नऊ वर्षांत कुणाला पडली नव्हती. तिनं मात्र हजारो लोकांची नावं, त्यांच्या वडिलांची नावं आणि आयांची माहेरची नावं चौकोनात एकेक अक्षर बसवून लिहिली होती.

वकिलातीनं मोठ्या मनानं फॉर्म आपल्या भाषेतही छापला होता. म्हणजे अक्षरं आपली होती. 'अर्जदाराच्या अस्तित्वाची जागा' म्हणजे राहण्याचा पत्ता. 'वैवाहिक अवस्था चालू आहे काय' म्हणजे लग्न झालंय का. लोक हसत, शेजारच्याला विचारत आणि लिहीत. हसू येत नसे ते एकाच प्रश्नाला, कारण तो अगदी सरळ दिसे. तेविसावा प्रश्न: 'आपण यापूर्वी कोणताही देश सोडला आहे काय? असल्यास कारण द्या.'

आता जो माणूस एकदा परदेशी जाऊन परत आला, त्यानं तो देश सोडलेलाच असणार. नसता सोडला तर तो इथं रांगेत कशाला उभा राहिला असता? म्हणून प्रामाणिक माणूस 'होय'वर खूण करी, आणि तीन आठवड्यांनी त्याचा अर्ज 'नामंजूर' असा शिक्का घेऊन परत येई. सुरुवातीला फॉर्मताईलाही काही कळेना. मग एका टुरिस्ट गाइडनं तिला मूळ फॉर्म वाचून दाखवला. तिथं विचारलं होतं, तुम्हाला एखाद्या देशानं हाकलून दिलं होतं का? भाषांतर करताना 'हाकलणं' कुणाला तरी फार असभ्य वाटलं असावं. तेव्हापासून ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागली, "तेवीसला 'नाही' लिहा. विचार करू नका, वाद घालू नका. नाही म्हणजे नाही."

अशी ही बाई एके दिवशी वकिलातीच्या युवा सल्लागार मंडळावर गेली.

झालं असं, की वकिलातीला तरुणांचं मत जाणून घ्यायची एकाएकी हुक्की आली. बारा जणांचं मंडळ नेमायचं ठरलं. वय तिशीच्या आत, मुदत एक वर्ष, काम सल्ला देणं. सल्ला ऐकला जाईल असं कुठं लिहिलं नव्हतं. पण तो 'साभार नोंदवला जाईल' असं मात्र ठळक अक्षरांत होतं. अकरा जण झटपट मिळाले. सगळे चांगल्या कॉलेजांतले, चांगल्या घरांतले, आणि योगायोगानं बहुतेकांच्या वडिलांचं वकिलातीच्या पार्ट्यांना जाणं-येणं. यादी मंजुरीसाठी त्यांच्या राजधानीला गेली आणि तिथून उलट टपाली शेरा आला: 'तळागाळातील तरुण कुठे आहे?'

सांस्कृतिक सचिव म्हणून एक हसतमुख, लांब मानेचा परदेशी तरुण होता. तळागाळ कुठं मिळतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो विचार करत खिडकीशी उभा राहिला, आणि खाली रस्त्यापलीकडे त्याला फॉर्मताई दिसली. पाच मिनिटांत तो तिच्या टेबलापाशी हजर.

"तुमचं वय काय?" त्यानं जपून जुळवलेल्या वाक्यात विचारलं.

"एकोणतीस. का? पोलिसांकडून आलात का?"

"छान! फारच छान! तुम्ही तरुण आहात!"

फॉर्मताईला गेल्या चार-पाच वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी तर तिचं वय निघालं, की आई सुस्कारा टाकायची. ती जरा खूश झाली, हे खरं.

घरी बातमी सांगितली तेव्हा आईनं दोन मजले खाली-वर करून सगळ्या बिऱ्हाडांत ती पोचवली. शेवटच्या बिऱ्हाडापर्यंत जाता जाता लेक राजदूताची खास सल्लागार झाली होती. दादानं "पगार किती?" विचारलं आणि "मानद" हे उत्तर ऐकून तो पुन्हा टीव्हीकडे वळला. वहिनी तेवढी भाजी चिरायची थांबली.

"वन्सं, त्यांच्याकडे विमानं आहेत, रणगाडे आहेत. त्यांना तुमचा सल्ला कशाला हवाय?"

"तरुणांचं मत हवंय त्यांना."

"मग तुमचं का घेताहेत?"

पहिल्या बैठकीला फॉर्मताई इस्त्रीचा ड्रेस घालून गेली. नऊ वर्षं ज्या दाराकडे ती बोट दाखवत आली होती, त्या दारातून ती पहिल्यांदाच आत शिरली. फाटकावर फोन काढून घेतला, पर्स उलटीपालटी केली, डिंकाची बाटली 'संशयास्पद द्रव' म्हणून जप्त केली. वरच्या मजल्यावरच्या दालनात इतका गारठा, की मंडळाचे सभासद एकमेकांकडे उबेसाठी सरकत होते. वकिलातीनं बहुधा यालाच परस्पर सहकार्य म्हटलं असावं.

सुरुवातीला ओळखी झाल्या. त्यांतला एक जण प्रत्येक वाक्य "संस्थापक या नात्यानं" असं सुरू करी. कशाचा संस्थापक, ते वर्षभर कुणाला समजलं नाही. ताईनं मनातल्या मनात त्याचं नाव संस्थापक ठेवलं. मग सचिवानं सगळ्यांना डोळे मिटायला लावलं आणि विचारलं, "तुम्ही झाड असता, तर कुठलं झाड असता?" कुणी महावृक्ष झालं, कुणी देवदार. फॉर्मताई म्हणाली, "व्हिसाच्या रांगेवर सावली पडेल असलं कुठलंही." सचिवाचे डोळे पाणावले. "हा जिवंत अनुभव आहे," असं म्हणून त्यानं ते वाक्य पिवळ्या चिकट कागदावर लिहून भिंतीला डकवलं. रांग होती तशीच उन्हात उभी राहिली.

बैठक दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी, तीन ते पाच. विषय भलेमोठे असत. 'उद्याचा तरुण आणि परवाचं जग' हा त्यांतला सुटसुटीत. प्रत्येक वेळी चिकट कागद, प्रत्येक वेळी सामूहिक फोटो. तिसऱ्या बैठकीत फॉर्मताईनं हात वर केला.

"मला तेविसाव्या प्रश्नाबद्दल बोलायचंय."

तिनं फॉर्म दाखवला, चूक समजावली, किती लोक त्यात अडकतात ते सांगितलं. सगळे गंभीर झाले. संस्थापकानं चष्मा पुसला. "संस्थापक या नात्यानं मला वाटतं, हा प्रश्न फॉर्मचा नाहीच. देश सोडणं म्हणजे नेमकं काय, याचा आपण खोलवर विचार करायला हवा."

"विचार करायला माझी हरकत नाही," फॉर्मताई म्हणाली, "पण आधी शब्द बदला. 'सोडला' काढा, 'सोडायला लावलं' घाला. पाच मिनिटांचं काम आहे."

सचिवानं मान डोलावली, कागदावर लिहिलं आणि तो कागद भिंतीवरच्या तीन रकान्यांपैकी तिसऱ्यात लावला. पहिला रकाना होता 'तातडीचं', दुसरा 'मध्यम मुदत', तिसरा 'दीर्घकालीन दृष्टी'. त्या दिवशी तातडीच्या रकान्यात एकच कागद होता: मंडळाच्या बोधचिन्हाचा निळा रंग नेमका कुठला.

नवव्या बैठकीच्या शुक्रवारी मंडळाच्या कापडी पिशव्या वाटल्या. त्यावर तोच निळा रंग होता. फॉर्मताई पिशवी खांद्याला अडकवून पाच वाजता खाली आली, तर टेबलाशी मास्तर बसले होते.

मास्तर म्हणजे भाषेचे निवृत्त शिक्षक. ताईलाही त्यांनी सातवीत शिकवलं होतं. तिचं अक्षर वळणदार झालं ते त्यांच्या पट्टीच्या धाकानं. त्यांची एकुलती मुलगी परदेशी होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या बाळंतपणाला मास्तर आणि त्यांच्या पत्नी दोघं गेले होते. मधल्या काळात पत्नी वारल्या. आता मुलीला पुन्हा दिवस गेले होते, सातवा संपत आला होता, आणि आई नाही तर निदान बाबांनी तरी यावं म्हणून ती रोज फोनवर रडत होती.

"मास्तर! कधी आलात?"

"दुपारी आलो गं. तू नव्हतीस. झेरॉक्सवाला म्हणाला, तू वर सल्ला द्यायला गेलीस." मास्तर कौतुकानं हसले. "म्हटलं, आपण काय अडाणी आहोत? बसलो आणि भरला फॉर्म. भाषा भयंकर आहे हं! सात ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं. खिडकी बंद व्हायच्या आत देऊनही टाकला."

फॉर्मताईनं घाईनं विचारलं, "तेवीसला काय लिहिलंत?"

"तेवीस? देश सोडला का, तो? होय म्हटलं. खोटं कशाला लिहू? कारण लिहिलं, 'कन्येचे बाळंतपण आटोपले.'"

ताई तशीच रस्ता ओलांडून पळाली. खिडकी बंद झाली होती. काचेवर खूप ठोठावल्यावर आतल्या बाई आल्या. या काचेआडच्या बाई इथल्याच, वकिलातीच्या नोकरीत केस पिकलेल्या. नऊ वर्षं दोघी एकमेकींना चेहऱ्यानं ओळखत. बोलणं कधी 'पुढचा' या शब्दापलीकडे गेलं नव्हतं.

"एक फॉर्म परत हवाय. चुकून होय लिहिलंय."

"शिक्का पडला की परत देता येत नाही."

"पण तुम्हाला माहितीय ना, तो प्रश्नच चुकीचा आहे?"

बाईंनी तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही सल्लागार मंडळावर आहात ना? मग वर सांगा. मी खालची आहे."

तीन आठवड्यांनी शिक्का आला: नामंजूर. मास्तरांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि पट्टीनं सरळ केला. मग म्हणाले, "आयुष्यभर पोरांना सांगत आलो, प्रश्न नीट वाचा आणि खरं उत्तर लिहा." आवाज अगदी साधा होता. फॉर्मताईला त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत, म्हणून तिला जास्त लागलं. आपण वर गारठ्यात बसून परवाच्या जगाला सल्ला देत होतो आणि खाली आपलंच माणूस खड्ड्यात पडलं, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

तिनं वकिलातीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' दुसरं लिहिलं. तेच उत्तर. तिसऱ्याला उत्तर आलं, पण ते वृक्षारोपणाच्या आमंत्रणाचं होतं. सचिवाला गाठलं तर तो मनापासून हळहळला. तो माणूस वाईट नव्हता. हळहळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "हा विभाग माझा नाही," तो म्हणाला. "फॉर्म राजधानीचा, खिडकी दुसऱ्या विभागाची, भाषांतर आमचं, पण ते माझ्या आधीच्यांच्या आधीचं. आणि राजदूत साहेबांना अशा लहान गोष्टी..."

"लहान? मास्तरांच्या लेकीला विचारा."

त्या संध्याकाळी ती राजीनामा लिहायला बसली. वहिनीनं कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"राजीनामा कसला देताय? तोही चिकटवतील भिंतीला. वन्सं, तुम्हाला काय येतं?"

"फॉर्म भरता येतो."

"मग त्यांना भरायला बसवा की."

फॉर्मताईनं राजीनामा फाडला.

वर्षाचा समारोप आला. सभासदांनी पाच-पाच मिनिटांत 'सर्वांना सहभागी करून घेणारा' एकेक उपक्रम सादर करायचा होता. राजदूत स्वतः येणार होते. त्यांना आपली भाषा येई, आणि येते हे त्यांना फार आवडे. वर्तमानपत्रांनी त्यांच्या उच्चारांवर लेख छापले होते. ताईनं सचिवाला सांगितलं, "माझा भाषेचा खेळ आहे. साहेबांना आवडेल. परीक्षक म्हणून खिडकीवरच्या बाईंना बोलवा, खालच्यांनाही मान मिळाला पाहिजे ना." सचिवाला ही कल्पना इतकी सर्वसमावेशक वाटली, की त्यानं तिच्याशी हस्तांदोलन केलं.

संस्थापकानं स्वतःवर पाच मिनिटं म्हणून अठरा मिनिटं घेतली. मग फॉर्मताई उठली. तिनं सगळ्यांना एकेक व्हिसा फॉर्म आणि पेन दिलं.

"खेळ सोपा आहे. फक्त तेविसावा प्रश्न वाचायचा आणि खरं उत्तर लिहायचं. जो मंजूर होईल, तो जिंकला."

राजदूत उत्साहानं पुढे सरसावले. प्रश्न त्यांनी मोठ्यानं, स्पष्ट उच्चारांत वाचला. टाळ्या पडल्या. मग सगळे लिहू लागले. मंडळातली बहुतेक मुलं परदेशी शिकून किंवा हिंडून आलेली; भराभर 'होय'वर खुणा झाल्या. दोन मिनिटांनी ताईनं कागद गोळा करून काचेआडच्या बाईंपुढे ठेवले. आज मध्ये काच नव्हती.

बाईंनी चष्मा लावला. "हा नामंजूर. नामंजूर. हाही. यात कारण लिहिलंय 'मातृभूमीची सेवा'. नामंजूर." संस्थापकाचा चेहरा पडला. मग बाईंच्या हातात एक कागद जरा रेंगाळला. "हा... होय. पाच देश. कारण लिहिलंय, 'मुदत संपली.'"

"तो माझा!" राजदूत हसत म्हणाले. "पाच देशांत मी काम केलं. नेमणुकीची मुदत संपली की जावंच लागतं."

"नियमाप्रमाणे साहेब," बाईंचा आवाज रोजच्या खिडकीवरचा होता, "मुदत संपली म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिलात आणि हाकलले गेलात. तेही पाच वेळा. अर्ज नामंजूर. शिवाय नाव कायमच्या नोंदीत जाईल."

हसू सगळ्यांच्या ओठांवर आलं होतं, ते तिथंच गोठलं. सचिवाची लांब मान कॉलरमध्ये गेली. राजदूतांनी फॉर्म परत मागवून पुन्हा वाचला, या वेळी मनात. मग मूळ भाषेतला मागवला. तोही वाचला.

"हे असं किती दिवस आहे?"

"अकरा वर्षं," बाई म्हणाल्या.

"आणि कुणी सांगितलं नाही?"

बाईंनी फॉर्मताईकडे पाहिलं. फॉर्मताईनं भिंतीकडे बोट केलं. वर्षभराचे चिकट कागद सजावट म्हणून मुद्दाम तसेच ठेवले होते. राजदूत उठून तिथं गेले. तिसऱ्या रकान्यातला तो कागद कडेनं सुटला होता, पण अक्षर स्पष्ट होतं. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. वळले तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. त्यांच्या कारकिर्दीत हे बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं. "मास्तर कोण?" एवढंच त्यांनी विचारलं, कारण कागदावर खाली ताईनं नंतर लहान अक्षरांत लिहिलं होतं: 'मास्तर अडकले. लेकीला आठवा महिना.'

फॉर्मताईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, तारखांसकट.

एकोणीस दिवसांत नवा फॉर्म छापून आला. अकरा वर्षं जे गाडं हललं नव्हतं, ते एकोणीस दिवसांत हललं. वकिलातीच्या वार्षिक अहवालात या सुधारणेवर दीड पान होतं. त्यात राजदूतांची दूरदृष्टी होती, सचिवाचा पुढाकार होता, 'भाषिक संवेदनशीलता' या विषयावर संस्थापकाचं मनोगत होतं. फॉर्मताईचा फोटो होता, डावीकडून तिसरी. मात्र फोटोखाली नावं छापताना तिच्या जागी चुकून तिच्या शेजारणीचं आलं होतं. आईनं ते पान तरीही सगळ्या बिऱ्हाडांत फिरवलं.

मास्तरांना नवा अर्ज करावा लागला. राजदूतांनी मनात आणलं तरी जुना शिक्का पुसायची सोय कुठल्याच विभागात नव्हती. आणि नव्या अर्जात चोविसावा प्रश्न होता, शुद्ध आणि निर्दोष: 'यापूर्वी आपला अर्ज नामंजूर झाला आहे का?' फॉर्मताईनं 'होय' लिहिलं आणि सोबत दोन पानी खुलासा जोडला. खुलाशात मास्तरांनी एकाही अक्षराची दुरुस्ती केली नाही. काचेआडच्या बाईंनी तो पुरता वाचला आणि गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवला. तरीही अर्ज राजधानीला जाऊन यायला लागायचा तेवढा वेळ लागलाच. मास्तर पोचले तेव्हा बाळंतपण कधीच उरकलं होतं. नातू पाच महिन्यांचा होता.

तोवर फॉर्मताईनं तिशी ओलांडली होती. नवीन मंडळ नेमलं गेलं, तिला 'माजी युवा' असं प्रमाणपत्र मिळालं. सचिव ते द्यायला स्वतः रस्ता ओलांडून आला, आणि ओशाळत त्यानं पिशवीतून आणखी तीन फॉर्म काढले: विद्यार्थ्यांचा, रुग्णांचा, कामगारांचा.

"जरा वाचून बघाल? मानद."

"वाचीन," ती म्हणाली. "पण वर येणार नाही. तुम्हीच खाली या, दर शुक्रवारी, तीन ते पाच. स्टूल देते बसायला."

आणि तो खरंच येऊ लागला. उन्हात घामाघूम होऊन शब्दन् शब्द विचारून घेई. चौथ्या शुक्रवारी त्यानं आपणहून रांगेवर ताडपत्री बांधायचा अर्ज वर पाठवला.

मास्तरांचा फोन आला तोही असल्याच एका शुक्रवारी. पलीकडून बाळाचं भोकाड ऐकू येत होतं.

"माझ्याकडे येतच नाही गं," मास्तर ओरडून सांगत होते. "अनोळखी वाटतोय त्याला. चष्मा बघितला की रडतो."

"चष्मा काढून घ्या ना मग."

"काढला, तर मला तो दिसत नाही!"

फॉर्मताई हसता हसता डोळे पुसू लागली. सचिवानं काळजीनं विचारलं, काही वाईट बातमी आहे का. तिनं मान हलवली, फोन खांद्यात धरला, आणि रुग्णांच्या फॉर्ममधल्या 'शरीराच्या तक्रारीचा स्वभाव' या ओळीवर लाल पेनानं काट मारली.